कुत्र्याला गाडीतून नेताना या चुका टाळा

गाडी हलली की कुत्रा भुंकायला लागतो, या सीटवरून त्या सीटवर उड्या मारतो, लाळेने सीट भिजवून टाकतो. मग घरचे म्हणतात, याला गाडीत बसायची शिस्तच नाही. पण बहुतेक वेळा शिस्तीचा काही संबंध नसतो. त्याला मळमळत असतं, उकडत असतं, पाय घसरत असतात. ओरडून यातलं काहीच थांबत नाही. गाडी बाजूला घ्या आणि तो बसलाय तिथे, त्याच्या उंचीला वाकून बघा. ऊन थेट अंगावर येतंय का? एसीचा गारवा मागपर्यंत पोचतोय का? सीटचं कव्हर गुळगुळीत आहे का? गुळगुळीत कव्हरवर प्रत्येक वळणाला त्याला नखं रोवून तोल सांभाळावा लागतो. असा कुत्रा दमला तरी आडवा होत नाही. खाली न सरकणारी चटई आणि तिच्यावर त्याचं रोजचं अंथरूण घालून बघा, फरक लगेच दिसतो.

"आमचा शांत बसतो" म्हणून मोकळा सोडणं

ब्रेक लागल्यावर शांत कुत्राही जागेवर राहत नाही. ताशी 50 किलोमीटर वेगाची गाडी आदळून थांबली, तर मोकळा कुत्रा त्याच वेगाने पुढे फेकला जातो. हा आघात साधारण दहा मीटर उंचीवरून पडण्याइतका असतो, आणि पुढे माणूस बसलेला असेल तर त्यालाही तो लागतो.

म्हणून हार्नेस, म्हणजे छाती आणि खांद्यांभोवती बसणारा पट्ट्यांचा साज, हवाच. सीटबेल्टला जोडायचा पट्टा छातीच्या हार्नेसला लावा, गळ्यातल्या पट्ट्याला कधीही नाही, कारण मग सगळा झटका मानेवर आणि श्वासनलिकेवर येतो. पट्टा किती लांब ठेवायचा यातही गल्लत होते. कुत्र्याला उठून बसता यावं आणि आडवं होता यावं, पण सीटवरून खाली उतरता येऊ नये, इतकाच. लांब पट्ट्यात पाय अडकतात आणि धक्का बसला की पट्टा ताणला जाईपर्यंत कुत्रा पुढे गेलेला असतो. फिरायला नेण्याचा साधा हार्नेस या कामाचा नाही. क्रॅश टेस्ट, म्हणजे गाडी आदळल्यावर टिकतो का याची चाचणी, झालेला बघून घ्या.

क्रेट, म्हणजे कुत्र्याला ठेवायचा पिंजरा, वापरत असाल तर त्यात उभं राहता, वळता आणि पाय पसरून झोपता आलं पाहिजे, आणि क्रेट गाडीला घट्ट बांधलेला हवा. मागच्या सीटवरचं झोळीसारखं कव्हर सोयीचं आहे, कुत्रा पाय ठेवायच्या जागेत पडत नाही. पण ते सुरक्षेचं साधन नाही, हार्नेस तरीही लावायचाच. पुढच्या सीटवर नको, कारण एअरबॅग माणसाच्या बेताने बनवलेली असते. चालवणाऱ्याच्या मांडीवर तर अजिबातच नको.

"पाचच मिनिटांत येतो"

या सगळ्यांत मला सर्वांत जास्त भीती वाटते ती या वाक्याची. बाहेर 24 अंश, म्हणजे आपल्याला सुखद वाटावं इतकंच तापमान असलं, तरी बंद गाडीच्या आत दहा मिनिटांत सुमारे 34 आणि अर्ध्या तासात सुमारे 43 अंश होतं. काच दोन बोटं खाली ठेवल्याने यात जवळजवळ काहीच फरक पडत नाही. सावलीत लावलेल्या गाडीवरची सावलीही सरकते.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून, तोंडातला ओलावा उडवून शरीर थंड करतो. बंद गाडीतली हवा गरम आणि दमट झाली की कितीही धापा टाकल्या तरी उपयोग होत नाही. निरोगी कुत्र्याचं तापमान साधारण 38.3 ते 39.2 अंश असतं. ते 41 च्या वर गेलं की जिवावर बेतू शकतं. पग, बुलडॉग, शिह त्झू अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांच्या बाबतीत तर जास्तच जपायला हवं.

न थांबणाऱ्या धापा, घट्ट चिकट लाळ, गडद लाल हिरड्या, झोकांड्या, उलटी यांतलं काही दिसलं तर आधी त्याला थंड करायला लागा. अंगावर भरपूर गार पाणी ओता, वारा घाला, एसी पूर्ण सुरू करा आणि त्याच अवस्थेत डॉक्टरांकडे निघा. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, तो उष्णता अडवतो. कुत्रा शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी ओतू नका.

निघताना पोटभर जेवण

ओठ चाटणं, सारख्या जांभया, लाळ, कण्हणं, अस्वस्थपणे जागा बदलणं ही मळमळीची लक्षणं उलटीच्या बरीच आधी दिसतात. लहान पिल्लांना हा त्रास जास्त होतो, कारण कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा अजून पक्की झालेली नसते. पुष्कळ पिल्लांचा तो वर्षभरात आपोआप जातो. जेवण निघण्याच्या तीन-चार तास आधी, तेही हलकं द्या. पाणी तोडू नका, थोडं थोडं पाजत राहा. गाडीतला उग्र वासाचा फ्रेशनर काढून टाका, कुत्र्याच्या नाकाला तो असह्य होतो.

तरीही उलट्या होत असतील तर डॉक्टरांकडून त्याच्या वजनाप्रमाणे औषध घ्या. आपल्या घरातली गोळी अर्धी करून देऊ नका. झोपेच्या गोळीने गुंगलेल्या कुत्र्याला तोल आणि शरीराचं तापमान दोन्ही नीट सांभाळता येत नाही.

गाडी दिसली की पळून जातो

गाडी फक्त डॉक्टरांकडेच जाते, असं त्याच्या डोक्यात बसलेलं असतं. ओढत आत कोंबलं की ते आणखी पक्कं होतं. इंजिन बंद असताना गाडीचं दार उघडं ठेवून आत खाऊ द्या आणि त्याला उतरू द्या. मग दार लावून, मग इंजिन सुरू करून, मग गल्लीच्या टोकापर्यंत. त्यानंतर कुठेतरी त्याला आवडेल अशा जागी. एखाद्या पायरीला अडला तर एक पायरी मागे या. म्हाताऱ्या कुत्र्याचं मात्र वेगळं असतं. त्याचे सांधे दुखत असतात म्हणून तो उडी मारत नाही. त्याला रॅम्प द्या.

खिडकी आणि दार

खिडकीबाहेर डोकं काढलेला कुत्रा खूश दिसतो खरा, पण धूळ, खडे आणि किडे थेट डोळ्यांत जातात. शिवाय पंजा बटणावर पडून काच वर-खाली होऊ शकते, म्हणून विंडो लॉक दाबून ठेवा.

थांब्यावर कुत्रे हरवतात ते बहुतेक दार उघडण्याच्या त्या एका क्षणात. सवय अशी लावा: आधी लीश (फिरवायची दोरी) हार्नेसला अडकवायची, तिचं टोक हातात घट्ट धरायचं, मग सीटबेल्टचा पट्टा सोडायचा, आणि शेवटी दार. साधारण दर दोन तासांनी थांबा. रस्ता तापलेला असेल तर हाताची मागची बाजू त्यावर सात सेकंद ठेवून बघा. तुम्हाला सहन होत नसेल तर त्याच्या पंजांनाही होणार नाही. गळ्यातल्या बिल्ल्यावर तुमचा चालू मोबाइल नंबर आहे ना, तो निघण्याआधीच वाचून घ्या. मायक्रोचिप (कातडीखालची ओळखीची चिप) बसवलेली असेल तर तिच्या नोंदीतला नंबरही तपासा, घर किंवा फोन बदलल्यावर तो बदलायचा राहून गेलेला असतो.