वणव्याआधी बागेची तयारी करताना या चुका टाळा

पाऊस सरला की सड्यावरचं, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावरचं, गवत कमरेएवढं होतं आणि डिसेंबर उजाडेस्तोवर पार वाळतं. वन विभाग १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरतो, पण कोकणातल्या बागायतदाराने त्या तारखेची वाट पाहू नये. जानेवारीत मोहोराच्या फवारण्या सुरू झाल्या की गडी मिळत नाहीत. गवत नोव्हेंबर-डिसेंबरातच काढून घ्या.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे कापलेलं गवत जागेवरच सोडणं. मी ती केली आहे. काजूच्या बागेभोवती ग्रास कटरने दहा फुटांचा पट्टा मारून घेतला आणि निर्धास्त झालो. मार्चमधल्या एका दुपारी सड्यावरून आग आली. पट्ट्यापाशी ज्वाळा खुज्या झाल्या खऱ्या, पण पडलेल्या गवतातून आग सरपटत पलीकडे गेली आणि आळ्यांतल्या आच्छादनाला लागली. दुसऱ्या दिवशी ठिबकची नळी वितळून जमिनीला चिकटली होती. कलमांची पानं बरीचशी हिरवीच होती. बुंध्याची साल नखाने खरवडली, तर आत सगळं तपकिरी. पंधरा दिवसांत ती कलमं उभीच्या उभी वाळली.

म्हणून जाळरेषेत, म्हणजे आग अडवायला साफ केलेल्या या पट्ट्यात, माती दिसली पाहिजे. कापलेलं गवत ओढून गोठ्यात किंवा खतखड्ड्यात न्या. कातळावर खराट्याने झाडून काढा. आणि हे एकदा करून भागत नाही; फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ झाली की पट्ट्यावर पुन्हा पातेरा साचतो.

चारी बाजूंनी सारखाच पट्टा ठेवणं हीसुद्धा चूक. आग चढावर धावते. उतार दहा अंशांनी वाढला की तिचा वेग साधारण दुप्पट होतो, असा आग अभ्यासणाऱ्यांचा ठोकताळा आहे. बागेच्या खालच्या अंगाला पट्टा दुप्पट रुंद हवा.

आच्छादन मात्र काढून टाकू नका, उन्हाळ्यात कलमांना त्याचाच आधार असतो. कडेच्या दोन ओळींत तेवढी त्यावर मातीचा थर द्या.

पट्टा जाळून करायचा असेल, किंवा राब (भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा जाळून जमीन) भाजायचा असेल, तर दुपारी काडी लावू नका. दुपारी समुद्रावरचा वारा सुटतो आणि आग हाताबाहेर जाते. पहाटे दव असताना, चार-पाच माणसं, पाणी आणि ओले टहाळे हाताशी ठेवून, शेजाऱ्याला सांगूनच करा. राखीव जंगलात आग लावणं १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने गुन्हा आहे. जाळलं की गवत चांगलं येतं, हा समज आता तरी सोडायला हवा.

मांगराची, म्हणजे बागेतल्या खोपीची, कौलं झाडून घ्या; फटीतल्या पातेऱ्यात एक ठिणगी पुरते. भिंतीला टेकलेला लाकूडफाटा, गवताची उडवी आणि ग्रास कटरच्या पेट्रोलचा कॅन लांब हलवा. विहिरीवरच्या विजेच्या पंपावर विसंबू नका, वणव्यात वीज जाते. दोनशे लिटरचं पिंप आणि पाठीवरचा फवारणी पंप भरलेला ठेवा. तो कीटकनाशकाचा असेल तर आधी नीट धुवा. बागेवर तारा लोंबत असतील तर वीज कार्यालयात आत्ताच लेखी अर्ज द्या. वन विभागाचा १९२६ हा क्रमांक घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असू द्या.

आग विझवताना चढावर, तिच्या वरच्या बाजूला कधीही उभं राहू नका. नायलॉनचे कपडे नकोत, सुती घाला.

आणि ज्वाळा दिसेनाशा झाल्या म्हणून लगेच घरी जाऊ नका. जुन्या खुंटात, शेणाच्या गोवरीत धग रात्रभर राहते आणि सकाळच्या वाऱ्याने पुन्हा पेटते. खुंट फोडा, पाणी मारा, मग हाताची मागची बाजू जवळ नेऊन पाहा. ऊब लागली तर आणखी पाणी मारा, आणि दोघांनी तरी त्या रात्री बागेतच थांबा.