परदेशी फेलोशिपला अर्ज करताय? आपल्याकडं सर्रास होणाऱ्या या चुका टाळा

मेरी क्युरी पोस्टडॉकचा, म्हणजे युरोपियन युनियनच्या पीएचडीनंतरच्या फेलोशिपचा, माझा पहिला अर्ज सबमिटच झाला नाही. डेडलाईन 17:00 ब्रसेल्स टाईम, म्हणजे सप्टेंबरात आपल्याकडं रात्री साडेआठ, एवढा हिशोब मी केलेला, त्यामुळं निवांत कोल्हापुरात राजारामपुरीत चहा मारून साडेसातला लॅपटॉप उघडला तर माझ्या लॉगिनला सबमिटचं बटणच नाही. त्या पोर्टलवर मेन कॉन्टॅक्ट असतो तो तिकडचा होस्ट प्रोफेसर, आपल्याला तो देईल तेवढाच ॲक्सेस. मला फक्त वाचायचा दिलेला. होस्टसाहेब मीटिंगमध्ये, फोन सायलेंट. संपला विषय, पुढच्या वर्षी या. म्हणून सांगतो, ॲक्सेस कसला आहे ते महिनाभर आधी बघा आणि अर्धवट का असेना, एकदा दोन दिवस आधी सबमिट करून ठेवा, डेडलाईनपर्यंत परत बदलून टाकता येतंय.

आता मुद्द्याचं. आपली पोरं आधी स्कीम शोधतात, मग फॉर्म, आणि शेवटी होस्ट. गाडी उलटी जोडलेली. यातल्या बहुतेक फेलोशिप होस्टशिवाय हलतच नाहीत. जपानच्या जेएसपीएसच्या स्टँडर्ड पोस्टडॉकला तर अर्ज तुम्ही करायचाच नसतो, तिकडचा प्रोफेसर त्याच्या संस्थेमार्फत करतो. जर्मनीची हुम्बोल्ट घ्या, फ्रान्सची रामन-शार्पाक घ्या, सगळीकडं तिकडच्या लॅबचा होकार लागतो. कॉल, म्हणजे अर्ज मागवणारी जाहिरात, निघाल्यावर होस्ट शोधायला लागलात तर उशीर झालेलाच आहे, सहा-आठ महिने आधी सुरुवात पाहिजे.

आणि मेल कसा करताय तेही बघा. एका ज्युनियरनं मला त्याचा मेल दाखवला, पस्तीस प्रोफेसर एकाच वेळी सीसीमध्ये, सुरुवात ‘रिस्पेक्टेड सर’, त्यातल्या निम्म्या बाया! वर सात एमबीचा बायोडाटा जोडलेला, त्यात दहावीचे टक्के. उत्तर एकाचंही नाही, येणार कसं. एका माणसाला एक मेल, सहा-सात ओळी, त्यांचा एक पेपर खरंच वाचून त्यातल्या एका ग्राफवर आपलं काय म्हणणं आहे ते. शिवाजी विद्यापीठात थिन फिल्म, सुपरकॅपॅसिटर, गॅस सेन्सरवर काम करणारी पोरं ढिगानं आहेत, काम चांगलं असतंय, पण मेलमध्ये ते दिसतच नाही, दिसतं ते नुसतं ‘आय ॲम हार्डवर्किंग’. दहा दिवसांत उत्तर नाही आलं तर एकदा आठवण करा, मग पुढचा माणूस.

तारखांचा घोळ हा सगळ्यात महागात पडणारा. आपल्याकडं पीएचडीच्या तारखा किती? थिसिस सबमिशन, व्हायवा, नोटिफिकेशन, पदवीदान. फॉर्ममध्ये एकच रकाना. पोरं पदवीदानाची टाकतात कारण सर्टिफिकेटवर ती छापलेली. मेरी क्युरीला पीएचडीनंतर 8 वर्षांची मर्यादा आहे, जेएसपीएसला 6 वर्षांची, तिथं सहा महिन्यांचा फरक म्हणजे पात्र की बाद असा प्रश्न होतो. प्रत्येक स्कीमची गाईड-नोट उघडून ते कुठली तारीख धरतात ते शोधा, मेरी क्युरीला यशस्वी डिफेन्स (आपला व्हायवा) झाला असेल आणि पदवी हातात नसेल तरी चालतं, सगळीकडं तसं नाही. आणि मेरी क्युरीचा तो मोबिलिटी रूल विसरू नका, डेडलाईनच्या आधीच्या 36 महिन्यांत तुम्ही होस्टच्या देशात 12 महिन्यांपेक्षा जास्त राहिलेले किंवा काम केलेले नसावेत. जर्मनीत दीड वर्ष काढून नुकताच परत आलेला एक जण परत जर्मनीच टाकत होता. देश बदल भावा, म्हटलं.

नावाचं तर विचारूच नका. मार्कशीटवर आडनाव पहिलं, पासपोर्टवर शेवटी, वडिलांचं नाव एकीकडं ‘बाळासो’ आणि दुसरीकडं ‘बाळासाहेब’. आपल्याला कळतंय ते एकच, पण तिकडच्या क्लार्कला ती दोन वेगळी माणसं वाटतात. निवड झाल्यावर व्हिसाच्या वेळी हे निस्तरायचं म्हणजे महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुंबईला खेपा आल्या. अर्जात पासपोर्टवरचंच स्पेलिंग टाका, ॲफिडेव्हिट आधीच करून ठेवा. पासपोर्टच नाही काढलेला असेही महाभाग भेटलेत, असो.

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पीडीएफवर विसंबू नका. अजून सर्बच्या (संशोधनाला पैसे देणारं केंद्र सरकारचं जुनं मंडळ) नावानं जुनी माहिती फिरतेय. 2023 च्या कायद्यानं एएनआरएफ (अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन) आलं आणि सर्ब त्यात गेलं, तेव्हा ट्रॅव्हल ग्रँट असो की प्रोजेक्ट, एएनआरएफच्या साईटवर आज काय चालू आहे तेच धरा.

दोन देशांच्या जॉइंट कॉलमध्ये वेगळाच घोटाळा होतो. प्रोजेक्ट एकच पण अर्ज दोन्हीकडं, इथल्या पीआयनं (प्रोजेक्टच्या मुख्य संशोधकानं) इथं आणि तिकडच्यानं तिकडं. आपण भरून मोकळे, तिकडच्याला वाटतं भारतवाल्यानं भरलंय ना, आणि सायन्स वाचायच्या आधीच अर्ज बाद. एकमेकांना सबमिशनची पावती पाठवा, टायटल शब्दाला शब्द सारखं ठेवा. पैसे तिकडून थेट आपल्या संस्थेच्या खात्यात यायचे असतील तर एफसीआरएचं (परदेशी पैशावरचा कायदा) काय ते अकाउंट्सवाल्यांना अर्जाआधी विचारा, मंजुरीनंतर नाही.

फुलब्राइट-नेहरूच्या डॉक्टरल फेलोशिपवर 6 ते 9 महिने अमेरिकेत राहता येतं, मस्तच आहे, पण त्यासाठी मिळणाऱ्या जे व्हिसाला नंतर दोन वर्षं मायदेशी राहायची अट असते. लगेच तिकडं एच-1बीवर (नोकरीच्या व्हिसावर) पोस्टडॉक करायचा बेत असेल तर ही अट आडवी येते, जाताना कुणी बघत नाही. कॉलेजात नोकरी करत पीएचडी करणाऱ्यांनी प्राचार्यांची सही आणि संस्थेची एनओसी आधी मागावी, संस्थेची मीटिंग महिन्यातून एकदा आणि त्यातही अध्यक्ष बाहेरगावी असतात.

नकार आला तर? रिव्ह्यू रिपोर्ट रागानं बंद करू नका. मेरी क्युरीत ठराविक कट-ऑफखाली मार्क पडले तर पुढच्या वर्षी त्याच होस्टसोबत अर्ज करता येत नाही, म्हणून ‘बघू तरी टाकून’ म्हणत कच्चा अर्ज टाकू नका, चांगला होस्ट एक वर्ष वाया जातो. मुख्य भागाला 10 पानांची मर्यादा असते आणि अकरावं पान रिव्ह्यूअर बघतच नाही. माझ्या दुसऱ्या अर्जात नेमका टाइमलाईनचा गँट चार्ट अकराव्या पानावर गेला होता, फाँट बदलताना सरकला, आणि रिपोर्टमध्ये आलं की कामाचं वेळापत्रक दिलेलं नाही.