डीआरपीचे तीन महिने: रेसिडेंटला जिल्ह्यात पाठवण्याआधी विभागाने काय करावे

एमडी-एमएसच्या रेसिडेंटने, म्हणजे पदव्युत्तर शिकणाऱ्या डॉक्टरने, तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या सत्रात (एक सत्र सहा महिन्यांचे) तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करायचे, ही डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सी प्रोग्रॅमची (डीआरपी) तरतूद 2020 मध्ये पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणाच्या नियमांत आली. ते समाधानकारक पूर्ण केल्याशिवाय अंतिम परीक्षेला बसता येत नाही, म्हणून बरेच विभाग ही गोष्ट उरकून टाकतात. खरे तर जिल्ह्याला डॉक्टर मिळवून देण्यासाठी मेडिकल कॉलेजच्या हातात यापेक्षा चांगली संधी नाही. बाँडने, म्हणजे सक्तीच्या सेवेच्या कराराने, डॉक्टर मुदतीपुरता थांबतो. पुढे राहायचे की नाही, हे तिथे त्याला काय काम करायला मिळाले यावर तो ठरवतो.

आधी हिशेब मांडा. बॅचला 12 रेसिडेंट असतील तर तिन्ही सत्रे मिळून तीन-तीन महिन्यांच्या सहा फेऱ्या होतात, दर फेरीत दोघे. वरवर सोपे वाटते. पण या बॅचचे पाचवे सत्र आणि एका वर्षाने ज्युनिअर बॅचचे तिसरे सत्र एकाच वेळी येते, म्हणजे ते सहा महिने वॉर्डातून चौघे गायब. शिवाय थिसिस परीक्षेच्या सहा महिने आधी द्यायचा असतो, तोही पाचव्या सत्रातच. त्यापेक्षा तिसऱ्या-चौथ्या सत्रात चार फेऱ्या करा, दर फेरीत तिघे. वर्षभर तिघेच कमी राहतात आणि पाचवे सत्र मोकळे मिळते. शल्यशाखांत ज्याचा हात अजून बसलेला नाही, त्याला चौथ्या सत्रात पाठवा.

रुग्णालय निवडताना खाटांचा आकडा बघून थांबू नका. मागच्या तीन महिन्यांचे ओटीचे (शस्त्रक्रियागृहाचे) रजिस्टर मागवा. रात्री सीझर होते का? भूलतज्ज्ञ नियमित आहे की फोन करून बोलवावा लागतो? रक्तपेढी नसेल तर निदान रक्तसाठवणूक केंद्र चालू आहे का? रात्री एक्स-रे निघतो का? भूलतज्ज्ञ नसलेल्या ठिकाणी सर्जरीचा रेसिडेंट तीन महिने ड्रेसिंग करत बसतो. म्हणून एकेकटा रेसिडेंट न पाठवता सर्जरी, स्त्रीरोग आणि भूलशास्त्र यांची टोळी एकत्र पाठवा. त्यासाठी तिन्ही विभागप्रमुखांना एकच वेळापत्रक मान्य करावे लागते, आणि घोडे बहुधा तिथेच अडते.

राहण्याची खोली कॉलेजच्या माणसाने स्वतः जाऊन पाहावी. कडी-कुलूप, पाणी, स्वच्छतागृह, महिला डॉक्टरसाठी वेगळी ड्यूटी रूम, रात्री क्वार्टरपासून वॉर्डापर्यंत दिवे आणि सुरक्षारक्षक. 'व्यवस्था होईल' या तोंडी उत्तरावर कोणाला पाठवू नका.

कागदांत अडकते ते विद्यावेतन. ते कॉलेजच देते, पण जिल्ह्याकडून आलेल्या हजेरीवर. हजेरी उशिरा आली की पगार थांबतो आणि रेसिडेंटचा पहिला महिना कारकुनांना फोन करण्यात जातो. कार्यमुक्ती आदेशातच लिहा की हजेरी दरमहा 25 तारखेपर्यंत ईमेलने यावी, आणि दोन्हीकडच्या लिपिकांचे नंबर त्यावर टाका. रुजू अहवालाची प्रत त्याच दिवशी परत मागवा.

रेसिडेंटला सीएमओची (कॅज्युअल्टीच्या वैद्यकीय अधिकाऱ्याची) रिकामी जागा भरायला वापरले जाते, ही नेहमीची तक्रार. नियमांनुसार ओपीडी, वॉर्ड, कॅज्युअल्टी, रात्रपाळी सगळे करायचे असते, पण आपापल्या विषयापुरते. हे डीआरपीच्या जिल्हा समन्वयकाशी आधीच लेखी ठरवा. एमएलसीवर (पोलिसांत नोंद होणाऱ्या केसच्या कागदांवर) सही करावीच लागली तर केस नंबर, तारीख, जखमांचे तपशील स्वतःच्या वहीत उतरवून ठेवायला सांगा. समन्स काही वर्षांनीही येते, तेव्हा आठवणीवर साक्ष देता येत नाही.

युनिटमधला एक सिनिअर त्या तीन महिन्यांसाठी नाव घेऊन नेमा. रात्री दोनला फोन उचलणारा हवा. 'अडचण आली तर कॉलेजला कळवा' म्हणजे कोणालाच न कळवणे. आठवड्यातून एकदा व्हिडिओवर केस चर्चा ठेवा आणि तीत जिल्ह्याच्या तज्ज्ञांना शिक्षक म्हणून बसवा. लॉगबुकवर त्यांची सही घ्या. एखाद्या गावात एकट्याने वर्षानुवर्षे सीझर करणाऱ्या डॉक्टरकडे शिकवण्यासारखे पुष्कळ असते. कॉलेजने त्याला मान दिला तर रेसिडेंटही देतो.

रेफर केलेल्या रुग्णाचे पुढे काय झाले, हे जिल्ह्याला क्वचितच कळते. डिस्चार्ज कार्डाचा फोटो आणि चार ओळी परत पाठवा. पेशंट उशिरा पाठवला असेल तर तेही लिहा, फक्त वॉर्डात सगळ्यांसमोर त्यावरून हसू नका.

फेरी संपल्यावर रेसिडेंटकडून दोन पानी टिपण घ्या: कोणत्या शस्त्रक्रिया केल्या, कोणते औषध वारंवार संपते, ओटीची चावी कोणाकडे असते, मेस कुठे आहे. पुन्हा तिथे काम करायला आवडेल का, हेही विचारा आणि 'हो' म्हणणाऱ्यांची नावे बाँडच्या पोस्टिंगचे पसंतीक्रम भरायच्या आधी जिल्हा शल्य चिकित्सकांना कळवा. टिपणाची प्रत पुढच्या फेरीतल्या तिघांना निघायच्या आठवडाभर आधी मिळायला हवी.