खगोल निरीक्षणाची वार्षिक पुस्तिका कशी वापरावी

वार्षिक पुस्तिका, म्हणजे वर्षभरातल्या आकाशातल्या घटनांच्या वेळा देणारे पुस्तक, हातात आली की बहुतेक जण चालू महिन्याचे पान उघडतात, तिथली वेळ वाचतात आणि थेट दुर्बिणीपाशी जातात. मग गुरूवर त्याच्या उपग्रहाची छाया काही दिसत नाही, चंद्राआड जाणारा तारा आधीच गेलेला असतो आणि खापर पुस्तिकेवर फुटते. आकडा बहुधा बरोबरच असतो, फक्त तो तुमच्या गच्चीसाठी काढलेला नसतो. तो आपल्या घड्याळावर आणि आपल्या क्षितिजावर उतरवून घ्यावा लागतो, आणि हे काम दिवसाउजेडी टेबलावर बसून करायचे असते. अंधारात लाल टॉर्च तोंडात धरून बेरजा-वजाबाक्या केल्या की त्या हमखास चुकतात.

आधी प्रस्तावनेतली ‘कोष्टके कशी वाचावीत’ ही पाने वाचा. कंटाळवाणी असली तरी टाळू नका. त्यातून चार गोष्टी शोधून आतल्या मुखपृष्ठावर पेन्सिलीने लिहून ठेवा: वेळ कोणती वापरली आहे, रेखांश पूर्वेला अधिक धरले आहेत की पश्चिमेला, विषुवांश आणि क्रांती (आकाशातले रेखांश आणि अक्षांश) कोणत्या वर्षाच्या आहेत, आणि उदयास्ताच्या वेळा कोणत्या अक्षांशासाठी आहेत. शेजारी आपले अक्षांश-रेखांश आणि वैश्विक वेळेपासूनचा (ग्रीनिचच्या प्रमाणवेळेपासूनचा) फरक लिहा.

वेळ आणि तारीख

बहुतेक वेळा वैश्विक वेळेत छापलेल्या असतात. समजा, १२ नोव्हेंबरच्या रकान्यात २०:४७ ला गुरूवर त्याच्या आयो या उपग्रहाच्या छायेचा प्रवेश दिला आहे आणि तुमचे घड्याळ वैश्विक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. बेरीज २६:१७, म्हणजे १३ तारखेच्या पहाटेचे २:१७. वेळ बरोबर काढून तारीख मात्र १२ चीच ठेवणे ही नवख्यांची सर्वांत सामान्य चूक आहे. म्हणून वहीत एकच तारीख न लिहिता ‘१२-१३ ची रात्र’ असे लिहावे.

आता त्या वेळी गुरू वर असेल का? इथे नाक्षत्र वेळ कामी येते, म्हणजे त्या क्षणी डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर (याम्योत्तर वृत्तावर) जो विषुवांश असतो तो आकडा. सप्टेंबरच्या २२ तारखेच्या सुमारास मध्यरात्री ती शून्य तास असते आणि रोज सुमारे ४ मिनिटांनी, म्हणजे महिन्याला दोन तासांनी पुढे सरकते. १३ नोव्हेंबरच्या मध्यरात्री ती साधारण ३ तास २० मिनिटे होते, आणि २:१७ ला ५ तास ३७ मिनिटे. गुरूचा विषुवांश ७ तास ५० मिनिटे असेल, तर त्याला याम्योत्तर वृत्तावर यायला सव्वादोन तास आहेत. म्हणजे तो पूर्वेकडे चांगला वर आलेला आहे, निरीक्षण जमेल. आपल्या वेळपट्ट्याच्या प्रमाण रेखांशापासून आपण जितके अंश पूर्वेला असू, तितकी चार-चार मिनिटे यात मिळवा आणि पश्चिमेला असू तर वजा करा. अशा अंदाजाला एवढे पुरते.

एखादी गोष्ट जास्तीत जास्त किती वर येईल, हे काढायला अक्षांश आणि क्रांती यांतला फरक ९० तून वजा करा. अक्षांश २० उत्तर आणि क्रांती उणे ४० असेल तर फरक ६०, उंची ३० अंश. त्या उंचीवर प्रकाशाला डोक्यावरच्या मानाने दुप्पट हवा ओलांडावी लागते. ग्रहांचे बारकावे पाहायचे असतील तर याच्या खालच्या नोंदी सरळ खोडा.

गुरूचे उपग्रह

या कोष्टकात बहुधा नावांऐवजी क्रमांक असतात: आयो १, युरोपा २, गॅनिमिड ३, कॅलिस्टो ४. पुढच्या अक्षरांवरून ग्रहण (गुरूच्या छायेत जाणे), पिधान (गुरूआड जाणे), अधिक्रमण (गुरूच्या बिंबासमोरून जाणे) की बिंबावर पडलेली छाया ते कळते, आणि शेवटच्या अक्षरावरून आरंभ की शेवट. प्रतियुतीच्या (गुरू आकाशात सूर्याच्या बरोबर समोर येतो त्या दिवसाच्या) आधी छाया पुढे आणि उपग्रह मागून येतो, प्रतियुतीनंतर क्रम उलटतो. वरच्या उदाहरणात प्रतियुतीला दोन महिने बाकी असतील, तर छायेनंतर साधारण तासाभराने आयो बिंबावर येईल. छापलेली वेळ उपग्रहाच्या केंद्राची असते. ग्रहणात तो दिवा मालवल्यासारखा न जाता काही मिनिटे मंदावत जातो, म्हणून दहा मिनिटे आधीच डोळा लावून बसा.

चंद्राची पिधाने

इथे जागेचा फरक सर्वांत जास्त भोवतो. चंद्र इतका जवळ आहे की पृथ्वीवरच्या जागेनुसार ताऱ्यांमधले त्याचे स्थान अंशभरापर्यंत बदलते. त्यामुळे पुस्तिका ठरावीक केंद्रांच्या वेळा देते आणि सोबत दोन गुणक: रेखांशाच्या आणि अक्षांशाच्या दर अंशामागे किती मिनिटे. समजा रेखांशाचा गुणक १.६ आणि अक्षांशाचा उणे ०.५ आहे, आणि तुम्ही केंद्राच्या २ अंश पूर्वेला, १ अंश उत्तरेला आहात. पूर्व अधिक धरली असेल तर दुरुस्ती ३.२ वजा ०.५, म्हणजे २.७ मिनिटे उशिरा. चिन्ह उलटे धरले तर ३.७ मिनिटे लवकर, म्हणजे जवळजवळ साडेसहा मिनिटांचा घोटाळा. तारा अप्रकाशित कडेआड डोळ्याचे पाते लवायच्या आत जातो, तेव्हा साडेसहा मिनिटे म्हणजे सगळेच हुकले. केंद्र फार दूर असेल तर गुणकही निरुपयोगी.

फसवे आकडे

उल्कावर्षावापुढे छापलेला ताशी दर आदर्श आकाशासाठी असतो: उद्गमबिंदू (उल्का जिथून येताना भासतात तो बिंदू) थेट डोक्यावर आणि ६.५ प्रतीपर्यंतचे तारे दिसणारे. प्रत हे तेजाचे माप, आकडा जितका मोठा तितका तारा मंद. दर १०० असेल आणि उद्गमबिंदू ३० अंशांवर, तर लगेच ५० उरतात. आकाश ५.५ प्रतीपर्यंतच दिसत असेल तर हाती विसेक उल्का लागतात, आणि चंद्र असेल तर त्याहून कमी. आधी चंद्राची तिथी पाहा, मग गजर लावा.

दीर्घिकांची (दूरच्या आकाशगंगांची) प्रतही अशीच फसवते. त्रिकोण तारकासमूहातली एम ३३ ही ५.७ प्रतीची, पण तो सगळा प्रकाश अंशभर लांबीच्या डागावर पसरलेला. शहरातून ती मोठ्या दुर्बिणीतही हुलकावणी देते. पृष्ठीय तेजाचा (पसरट वस्तूच्या ठरावीक क्षेत्रफळामागच्या तेजाचा) रकाना असेल तर आधी तो पाहा.

निर्देशांक (विषुवांश-क्रांती) २००० सालचे असतील तर नकाशात शोधताना काही अडत नाही. वर्तुळपट्ट्यांवर (दुर्बिणीच्या अक्षांवरच्या अंश छापलेल्या चकत्यांवर) आकडे लावून दुर्बीण वळवत असाल तर मात्र परांचनामुळे, म्हणजे पृथ्वीचा अक्ष हळूहळू दिशा बदलत असल्याने, ते वर्षाला सुमारे ५० विकला सरकतात (६० विकला म्हणजे एक कला, ६० कला म्हणजे एक अंश). २०२६ पर्यंत ते जवळजवळ २२ कला होतात, आणि जास्त वर्धनात वस्तू दृष्टिक्षेत्राबाहेर राहते.

छपाईनंतर सापडलेले धूमकेतू अर्थातच पुस्तिकेत नसतात, ते दुसरीकडे पाहावे लागतात.

वर्ष संपले म्हणून पुस्तिका रद्दीत टाकू नका. ग्रहांची पाने शिळी होतात, पण जोडतारे, तारकागुच्छ आणि दीर्घिकांच्या याद्या वर्षानुवर्षे चालतात. ययाती तारकासमूहातल्या अल्गॉल या ठरावीक काळाने मंदावणाऱ्या ताऱ्याच्या किमान तेजाच्या वेळाही जुन्या शेवटच्या नोंदीपासून पुढे मोजता येतात: आवर्तकाल २ दिवस २० तास ४९ मिनिटे. आज रात्री ११ ला किमान असेल तर तीन दिवसांनी ते संध्याकाळी ७:४९ ला येईल. तारा साधारण पाच तास मंदावत २.१ वरून ३.४ प्रतीवर येतो आणि तितक्याच वेळात पूर्ववत होतो, त्यामुळे शेजारच्या ताऱ्यांशी तुलना दर अर्ध्या तासाने केली तरी चालते.