'स्क्वॉश' शब्दाचं मूळ कसं शोधायचं

बटरनट स्क्वॉशची रेसिपी वाचताना डोक्यात येतंच की हा भोपळा, ते लेमन स्क्वॉश आणि रॅकेटने खेळतात ते स्क्वॉश, हे सगळं एकच का? नाही, आणि शोधायला बसलात की पहिलं हेच बघायचं. चांगल्या डिक्शनरीत सारख्या स्पेलिंगला १, २ असे आकडे टाकून वेगळ्या एन्ट्री देतात. चिरडणे या अर्थाचा स्क्वॉश जुन्या फ्रेंचमधून आलाय, सरबत आणि तो पिचक्या रबरी बॉलचा खेळ दोन्ही त्याच्याच घरातले. आपल्याला हवी भाजीवाली एन्ट्री.

तिथे नुसतं 'अल्गाँक्वियन' लिहिलं असेल तर थांबू नका, ती एक भाषा नाही, उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या भाषांचं अख्खं कुळ आहे, क्री, ओजिब्वे, पोव्हाटन सगळ्या त्यातल्याच (आणि अल्गाँक्विन ही परत त्यातली एक वेगळी भाषा, इथे भलेभले गंडतात). आपला शब्द याच कुळातल्या नॅरागॅन्सेट भाषेचा, म्हणजे आत्ताच्या अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्याकडचा.

मग जुनी नोंद काढायची, खरी मजा इथेच आहे. तिथलंच प्रॉव्हिडन्स शहर वसवणाऱ्या रॉजर विल्यम्सचं 'अ की इंटू द लँग्वेज ऑफ अमेरिका' हे पुस्तक १६४३ साली लंडनला छापलं, ते ऑनलाइन फुकट मिळतं. त्यात 'आस्कुटास्क्वॉश' असा शब्द सापडेल, वेलीवरची सफरचंदं, साधारण सफरचंदाएवढी, वेगवेगळ्या रंगांची, आणि इंग्रज यावरूनच स्क्वॉश म्हणतात असंही त्याने लिहिलंय. म्हणजे शब्दाचं सुरुवातीचं निम्मं तेव्हाच गळालं होतं!

आता अर्थ. साधारण 'कच्चं खाता येतं ते', त्यामुळे डोळ्यासमोर कोवळी फळं आणा, पिकलेला लाल भोपळा नको. आणि शेवटचं 'अश' हा तिकडचा अनेकवचनाचा प्रत्यय, पण आपण 'एक चिप्स दे' म्हणतो ना तसं इंग्रजांनी ते एकवचन धरलं आणि वर स्वतःचं अनेकवचन लावलं. खात्री करायची तर मका आणि बीन्सच्या 'सकोटॅश'ची एन्ट्री उघडा, तोही नॅरागॅन्सेटच आणि शेवटी तोच 'अश'.

याच पद्धतीने मूस, स्कंक, रॅकून ही तिकडच्या प्राण्यांची नावं बघता येतील. वुडचक या प्राण्याच्या नावाला मात्र जपून, त्यातलं 'वुड' म्हणजे लाकूड नव्हे, मूळ शब्द नीट कळला नाही म्हणून इंग्रजांनी ओळखीचा तुकडा बसवून टाकलाय.