विद्यार्थी सवलतीत लॅपटॉप आणि सॉफ्टवेअर: आधी कागद, मग खरेदी

सवलतीचा अर्ज अनेकदा नावावर अडतो. ओळखपत्रावर ‘पाटील स्नेहल रमेश’ आणि ऑनलाइन खात्यावर ‘स्नेहल पाटील’ असेल, तर पडताळणी करणाऱ्या यंत्रणेला ती दोन माणसं वाटू शकतात. म्हणून खातं उघडतानाच नाव ओळखपत्रावरच्या क्रमाने लिहा.

पहिलं काम कॉलेजच्या ऑफिसात. इंग्रजीत बोनाफाईड घ्या. त्यावर पूर्ण नाव, अभ्यासक्रम, चालू शैक्षणिक वर्ष, तारीख आणि शिक्का हवा. ओळखपत्रावर वर्ष छापलेलं नसेल तर हाच कागद कामी येतो, सोबत या वर्षीची फी पावती ठेवा. आधार चालत नाही, त्यावरून तुम्ही शिकताय हे सिद्ध होत नाही. कॉलेज स्वतःच्या डोमेनचा (@ नंतर कॉलेजचं नाव असलेला) ईमेल देत असेल तर तोही मागून घ्या.

सॉफ्टवेअर शिकणाऱ्यांनी सुरुवात गिटहबच्या (कोड साठवण्याची वेबसाइट) स्टुडंट पॅकपासून, म्हणजे विद्यार्थ्यांना मोफत मिळणाऱ्या सॉफ्टवेअर सवलतींच्या संचापासून करावी. वयाची अट किमान 13 वर्षं, आणि डिग्री किंवा डिप्लोमा देणारा अभ्यासक्रम हवा. आधी गिटहब खात्यात टू-फॅक्टर (पासवर्डसोबत आणखी एक कोड मागणारी सुरक्षा) सुरू करा आणि बिलिंगच्या माहितीत पूर्ण नाव भरा. अर्ज कॉलेजच्या आवारातूनच करा, व्हीपीएन (तुमचं ठिकाण लपवणारं अ‍ॅप) बंद आणि लोकेशन चालू ठेवून. घरून केलेला अर्ज ‘तुम्ही कॉलेजच्या जवळ दिसत नाही’ म्हणून परत येऊ शकतो. कागदाचा फोटो उजेडात, चारही कोपरे दिसतील असा काढा. हा पॅक मंजूर झाला की जेटब्रेन्सचा (कोड लिहिण्याची सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी) विद्यार्थी परवाना त्याच आधारावर मागता येतो. तो वर्षभराचा असतो, दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं आणि त्यावर पैसे घेऊन कामं करता येत नाहीत. ऑटोकॅड हे ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर हवं असेल तर ते बनवणाऱ्या ऑटोडेस्कचा शैक्षणिक परवानाही एक वर्षाचा आणि मोफत आहे. अझूर या मायक्रोसॉफ्टच्या क्लाउड सेवेच्या विद्यार्थी खात्यात 100 डॉलरचं क्रेडिट 12 महिन्यांसाठी मिळतं, क्रेडिट कार्डाशिवाय.

आता लॅपटॉप. अ‍ॅपलची शैक्षणिक किंमत कॉलेजचे विद्यार्थी, त्यांचे पालक आणि शिक्षक यांच्यासाठी आहे, शाळेतल्या मुलांना ती लागू नाही. गेल्या काही वर्षांत जून ते सप्टेंबर या काळात सोबत एखादी अ‍ॅक्सेसरीही मिळत आली आहे, त्यामुळे घाई नसेल तर मे महिन्यात घेऊ नका. विंडोज लॅपटॉपला मात्र ‘विद्यार्थी किंमत’ या शब्दावर विसंबू नका. दसरा-दिवाळीच्या सेलमध्ये बँक कार्डाची सूट धरून तेच मॉडेल स्वस्त पडू शकतं. जीएसटीसकट शेवटची रक्कम, रॅम आणि वॉरंटी या तिन्हींची तुलना करा.

भारतात विकल्या जाणाऱ्या बऱ्याच विंडोज लॅपटॉपसोबत कायमचं मायक्रोसॉफ्ट ऑफिस (वर्ड, एक्सेल वगैरे) येतं. खोक्यावर बघा, असेल तर वेगळं विकत घेऊ नका. हे ऑफिस ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यावर सुरू कराल त्यालाच बांधलं जातं. म्हणून दुकानदाराला त्याच्या खात्यावर सेटअप करू देऊ नका. कॉलेजचा ईमेलही वापरू नका, पास झाल्यावर तो बंद होऊ शकतो.

काही शे रुपयांत ‘लाइफटाइम ऑफिस खातं’ विकणाऱ्यांपासून मात्र लांबच राहा. ते खातं बहुधा कुठल्या तरी अनोळखी संस्थेच्या नावावर असतं आणि त्याचा अ‍ॅडमिन कधीही तुमच्या फायलींसकट ते बंद करू शकतो.