कोकमाची जिन आंबट का लागत नाही? स्थानिक मसाल्यांची जिन चाखताना या चुका टाळा

बाटलीवर कोकम, तिरफळ, काळी मिरी, हळद अशी नावं वाचली की जीभ आपोआप त्या चवी शोधायला लागते. त्या सापडल्या नाहीत की "नावापुरतंच घातलंय" असा शिक्का बसतो. देशी क्राफ्ट जिनवर, म्हणजे छोट्या भट्ट्यांतल्या जिनवर, सगळ्यात जास्त अन्याय होतो तो इथेच. मसाल्याचा काढा बाटलीत येत नाही, त्याची वाफ येते.

भट्टी तापली की मद्यार्काबरोबर फक्त उडणारी सुगंधी तेलं वर जातात. आम्ल, साखर, रंग आणि तिखटपणा भांड्यातच राहतो. म्हणून ऊर्ध्वपातनानंतर, म्हणजे वाफ करून ती पुन्हा थंड केल्यावर, कोकमाचा आंबटपणा उरत नाही आणि लालीही नाही. मिरीतलं पायपरिन, मिरचीतलं कॅप्सेसिन, हळदीचं कुरक्युमिन, ज्येष्ठमधाचा गोडवा देणारं ग्लिसरायझिन यांतलं काहीच वाफेबरोबर येत नाही. मिरी घातलेल्या जिनमध्ये "छान तिखट लागतं" असं कुणी म्हटलं, तर ती बहुतेक वेळा मद्यार्काची जळजळ असते. मिरीचा खरा पुरावा नाकात मिळतो, ताज्या कुटलेल्या मिरीचा कोरडा, लाकडी वास. तिरफळाचंही तसंच. जिभेवरची झिणझिण बहुतांशी मागेच राहते. बांगड्याच्या आमटीत टाकण्याआधी तिरफळ ठेचलं की जो लिंबाच्या सालीसारखा वास हाताला लागतो, तो मात्र थेट पुढे येतो. जायपत्री, वेलची, धणे, संत्र्याची साल यांची तेलं सहज उडतात, त्यामुळे ती ठळक जाणवतात.

याचा उलटा अर्थही लक्षात ठेवा. जिन लाल, पिवळी किंवा आंबट असेल तर घटक बहुधा ऊर्ध्वपातनानंतर भिजवलेला किंवा मिसळलेला आहे. त्यात वाईट काही नाही, पण ती 'लंडन ड्राय' नव्हे. लंडन ड्राय हे पद्धतीचं नाव आहे, गावाचं नाही. युरोपीय नियमानुसार तिच्यात ऊर्ध्वपातनानंतर सुगंध किंवा रंग घालता येत नाही आणि साखर लिटरला जास्तीत जास्त ०.१ ग्रॅम. शंका असेल तर ५ मिली जिन स्वच्छ काचेच्या बशीत ओतून पंख्यापासून दूर वाळू द्या. चिकट थर उरला तर गोडवा वरून घातला आहे. 'स्मूद' म्हणून वाखाणल्या जाणाऱ्या बाटल्यांवर हा प्रयोग जरूर करावा.

जुनिपर विसरणं

२०१७ मध्ये 'ग्रेटर दॅन' ही जिन आली, २०१८ मध्ये 'हापुसा' आणि 'स्ट्रेंजर अँड सन्स'. तेव्हापासून गोव्यात बनणाऱ्या जिनची बरीच चर्चा झाली, पण ती बहुतेक मसाल्यांभोवतीच फिरते. 'हापुसा' हे नाव हापूस आंब्यावरून आलेलं नाही. संस्कृतात हपुषा म्हणजेच जुनिपर, राळेच्या वासाचं छोटं फळ, आणि जिनचा पाया तोच.

पहिला प्रश्न हाच विचारायचा: जुनिपर आहे का? त्याचा वास पाइनच्या राळेचा, किंचित मिरीसारखा, हिरवट. ओळख नसेल तर काष्ठौषधींच्या दुकानातून हपुषा किंवा हाऊबेर आणा आणि चार-पाच फळं ठेचून छोट्या बरणीत ठेवा. ठेचल्यावर राळेचा वास आला नाही तर माल जुना आहे, दुसरा घ्या. शेजारच्या बरण्यांत धणे, वेलची, जायपत्री आणि संत्र्याची वाळलेली साल. चाखण्याआधी दोन मिनिटं या बरण्या हुंगल्या तर नंतर ग्लासात काय आहे ते नावानिशी सांगता येतं. वेलचीबद्दल सावध राहा. दाणे थोडे जास्त पडले की ती बाकी सगळ्यांना गिळते. अशी जिन मुखवासासारखी वाटते. "मसालेदार" म्हणून तिला गुण देऊ नयेत, तोल गेला म्हणून कापावेत.

ग्लास, कपाट आणि फ्रीज

स्टीलचा पेला नको, रुंद तोंडाचाही नको. तोंडाशी निमुळता होणारा छोटा वाइन ग्लास पुरतो. ग्लास कपाटात उपडे ठेवलेले असले तर आत लाकडाचा, कधी डांबरगोळ्यांचा वास कोंडलेला असतो, आणि तो राळेच्या वासात इतका बेमालूम मिसळतो की दोष जिनच्या माथी जातो. गरम पाण्याने विसळा, स्वयंपाकघरातल्या फडक्याने पुसू नका, हवेवर वाळू द्या. उदबत्ती, अत्तर, पान, चहा हे सगळं निदान तासभर लांब. बर्फाचा ट्रे सुकट-बोंबलाच्या फ्रीजमध्ये उघडा असेल तर तो बर्फ चाखण्यासाठी बाद. बाटली फ्रीझरमध्ये ठेवून चाखणंही चूक, कारण थंडीत तेलं उडत नाहीत आणि नाकाला काहीच मिळत नाही.

थेट घोट घेणं

भारतात बहुतेक जिन ४२.८ टक्क्यांची असते. इतकी तीव्र जिन पाणी न घालता जवळून हुंगली तर नाक बधिर होतं. क्रम असा ठेवा. २० मिली ओता. वाइनसारखी घुसळू नका, त्याने मद्यार्कच उसळतो. ओठ किंचित उघडे ठेवून, ग्लास नाकापासून दोन बोटं दूर धरून हुंगा. मग ८.५ मिली पाणी घाला, तीव्रता सुमारे ३० टक्क्यांवर येते. पहिला घोट इथे. नंतर आणखी ११.५ मिली, म्हणजे एकूण पाणी २० मिली आणि तीव्रता साधारण २१ टक्के. दोष या टप्प्यावर उघडे पडतात. मोजमापासाठी औषधाच्या दुकानातली सुई नसलेली सिरिंज वापरा. सगळ्या नमुन्यांना एकच साधं पिण्याचं पाणी, क्लोरिनच्या वासाचं नळाचं नको.

पाणी घातल्यावर जिन दुधाळ झाली तर घाबरू नका. मद्यार्क कमी झाला की त्यात विरघळलेली तेलं बाहेर येतात आणि धुरकट दिसतं. लिंबूवर्गीय साल किंवा बडीशेपेच्या जातीचे घटक जास्त असले की हमखास होतं. ही भेसळ नाही.

पाच नमुने म्हणजे १०० मिली, तीन पेगपेक्षा जास्त. थुंकायला भांडं ठेवाच.

दोषाला "वेगळी चव" म्हणणं

नेलपॉलिश रिमूव्हरचा वास आला तर भट्टीतून मद्याची धार सुरू होताना निघणारा पहिला भाग नीट वेगळा काढलेला नाही. ओल्या पुठ्ठ्याचा, शिळ्या धान्याचा वास म्हणजे धार वेळेवर तोडली नाही, शेवटचा भाग आत आला. उकडलेल्या भाजीसारखा किंवा करपलेला वास असेल तर आच जास्त होती, मसाला बुडाला लागला. संत्र्याऐवजी टर्पेंटाइनसारखा वास हा बहुधा भट्टीचा दोष नसतो. सालीतलं लिमोनिन हवेने जुनं झालेलं असतं, म्हणजे बाटली अर्धी रिकामी होऊन बराच काळ उन्हात पडलेली. दुसरी ताजी बाटली उघडल्याशिवाय अशा जिनवर मत देऊ नये. फेणीच्या उग्र वासाची सवय असलेल्या नाकाला पहिले दोन दोष चटकन खटकत नाहीत, त्यांनी जास्त काळजी घ्यावी.

पक्कं करायचं असेल तर दोन-तीन थेंब तळहातावर घासा, मद्यार्क उडू द्या आणि हुंगा.

टॉनिकमध्ये निवाडा

टॉनिक वॉटरमध्ये साखरही असते आणि क्विनाइनचा कडूपणाही. दोन्ही मिळून कच्चे दोष झाकतात. आधी साधा सोडा: ३० मिली जिन, ६० मिली सोडा. मग टॉनिक, आधी ६० आणि नंतर ९० मिलीपर्यंत. ९० मिलीला जिन ओळखू येईनाशी झाली तर ती कॉकटेलमध्येही हरवेल. लिंबाची फोड, पुदिना, मिरी हे सगळं गुण लिहून झाल्यावर.

दोन जिनमध्ये खरोखर फरक कळतो का, हे तपासायचं तर तीन ग्लास घ्या, दोनांत एकच जिन, तिसऱ्यात दुसरी. ओतणारा वेगळा, चाखणाऱ्याला क्रम माहीत नाही, त्याने वेगळा ग्लास ओळखायचा. नुसत्या अंदाजाने तीनातून एकदा बरोबर येतंच, म्हणून सहा फेऱ्या करा आणि किमान पाच बरोबर आल्या तरच फरक धरा. एका बैठकीत बऱ्याच जिन चाखायच्या असतील तर जुनिपरप्रधान जिन आधी, वेलचीची आणि रंगीत जिन शेवटी.

रिकामा ग्लास धुऊ नका. रात्रभर तसाच ठेवून सकाळी हुंगा. चांगल्या जिनमागे राळ, मुळं आणि कोरडा मसाला रेंगाळतो. ओल्या पुठ्ठ्याचा वास राहिला असेल, तर रात्री लिहिलेले गुण तेव्हाच बदला.